किमान उत्पन्न नियमास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री किमान उत्पन्न नियम साहेब, मुक्काम लंडन, यांसी


आपला जन्म जुलै 2012 चा. परदेशी नवरा किंवा बायको ब्रिटनमध्ये आणायची तर बोलावणाऱ्याची वर्षाची कमाई 18,600 पौंड हवी, एवढीच तेव्हा आपली मागणी होती. 11 एप्रिल 2024 पासून ती 29,000 झाली. आपल्या या भरभराटीबद्दल हार्दिक अभिनंदन.

स्विंडनच्या गोदामांत रात्रपाळी करणाऱ्या गोव्याच्या पोरांच्या वतीने आभारही मानतो. आजोबा 1961 पूर्वी गोव्यात जन्मले, म्हणून लिस्बनला नोंद करून यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. भारताला दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून इथलं सोडलं. मग ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं राबून काही जण ब्रिटिशही झाले. एक मरून, एक निळा, असे दोन पासपोर्ट एकाच खणात. आणि सावंतवाडीची बायको न्यायची म्हटली, की आपण मायेने विचारता : बाळा, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा कुठे आहेत?

त्या स्लिपा एकदा आपणच वाचाव्यात. आपल्याच सरकारने एप्रिल 2025 मध्ये किमान वेतन ताशी 12 पौंड 21 पेन्स केलं. आठवड्याला 40 तास, वर्षाचे 52 आठवडे, एकही खाडा नाही, तरी त्या दराने बेरीज 25,400 च्या पुढे जात नाही. कायदेशीर किमान पगारावर पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाला संसाराच्या लायकीचा न मानण्याचं आपलं धाडस थोर आहे.

पगार अपुरा असेल तर बचत दाखवायची मुभा आपण ठेवलीत, हा केवढा मनाचा मोठेपणा! कमाई काहीच नसेल तर फक्त 88,500 पौंड, तेही सहा महिने खात्यात राखलेले. बायको शिक्षिका असली तरी तिचा सावंतवाडीचा पगार आपण धरत नाही. तिकडे येऊन ती काय कमावील, तेही नाही. तिच्याकडून आरोग्य अधिभाराचे 3,105 पौंड मात्र आगाऊ घ्यायला आपण विसरत नाही.

2017 मध्ये लूनेस खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की युरोपीय नागरिक म्हणून येऊन पुढे ब्रिटिश झालेल्याच्या जोडीदाराला वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्यामुळे ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपण्याआधी, म्हणजे 31 डिसेंबर 2020 पूर्वी ज्यांचं जुळलं, त्यांच्यापुढे आपलं चालत नाही. ज्यांची ओळखच त्यानंतर झाली, ते सर्वस्वी आपल्या कृपेवर.

आणि हे तर आपलं सर्वांत मोठं देणं. तोच मुलगा डब्लिनला गेला, तिथे कामाला लागला आणि खणातला मरून पासपोर्ट पुढे केला, की युरोपीय कायद्याने बायको त्याच्याकडे येऊ शकते; 29,000 चा आकडा कुणी विचारत नाही. निळा पासपोर्ट ज्या देशाने दिला, त्याच देशात त्याला एकट्याने राहावं लागतं. आपल्या नागरिकाला बायकोसाठी देश सोडायला लावता, आणि याला कुटुंबधोरण म्हणता, साहेब?

जून 2025 मध्ये आपल्याच स्थलांतर सल्लागार समितीने 23 ते 25 हजारांचा पर्याय मांडला आहे. तो मान्य करावा, आणि बायकोचा पगारही हिशेबात धरावा. सावंतवाडीत कितीतरी दिवस सामान बांधून तयार आहे.

कळावे.