वाऱ्याची खंडणी

"काकू, पापड उचला, माकडं आली!"

"आली बया! फोनच सोडवंना. दिराच्या माळावर पवनचक्कीवाले परत फिरायला लागलेत म्हणं."

काकू खानापूर तालुक्यातल्या. लखनौच्या चौकात त्यांच्या घरची गलाई. सोनंचांदी गाळण्यात तिसरी पिढी. आमच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा, आणि त्यावर दोघींची कोपरं.

"मग द्यावी की जमीन! नाहीतरी कुसळंच उगवतात."

"देतोय की. पण घेतो कोण? आधी एजंट. मग त्यो कंपनीला विकणार. माळाचा भाव आमाला, वाऱ्याचा भाव त्याला."

"आणि पाऊस पळवतात म्हणे पाती?"

"२००३ च्या दुष्काळात आमच्याकडं सगळी तेच म्हणायची. सासूबाई तर पवनचक्कीकडं बघून बोटं मोडायच्या."

मला हसू आलं. ढग कुठे, पातं कुठे! पण चारा-पाणी नसलेल्या माणसासमोर नवी दिसणारी वस्तू तेवढीच होती.

"ढगांचं सोडा," काकूंनी आवाज उतरवला, "बीडचं काय झालं? मस्साजोगचं?"

ते कोण विसरेल! अवादा कंपनीचा पवनचक्की प्रकल्प, दोन कोटींच्या खंडणीचा आरोप. ६ डिसेंबर २०२४ ला कंपनीच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली, सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. ९ तारखेला त्यांचं अपहरण करून खून. आरोपपत्रात पहिलं नाव वाल्मीक कराडचं, म्हणजे तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांच्या अगदी जवळच्या माणसाचं. सुरेश धस सत्ताधारी भाजपचे आमदार, तरी तेच सर्वांत मोठ्याने बोलत होते. खुनाचे फोटो बाहेर आले आणि ४ मार्च २०२५ ला मुंड्यांचा राजीनामा. खटल्याचं काय ते कोर्ट बघेल.

"गड्यानं काय केलं व्हतं? रखवालदाराला मारू नका म्हणाला, एवढंच."

"काकू, त्यात ना वाऱ्याचा प्रश्न, ना विजेचा. गेटवर कोण उभं राहणार, त्याचं भांडण."

"तुमच्या यूपीत बरंय. वाराच न्हाई!"

"ऊन आहे की! बुंदेलखंडात सोलरसाठी जमिनी चालल्यात."

"म्हंजे तिथंबी एजंट."

"दीर काय म्हणतात मग?"

"विकू नको, भाड्यानं दे, म्हणून सांगितलंय. ऐकतोय कुठं! एजंट कोण ठावं हाय का?" काकू कठड्यावरून निम्म्या अलीकडे आल्या. "आमच्या चुलत नणंदेचा जावई!"