रोजचाच नाताळ

नाताळ उलटून जातो, पण आपल्या घरांतला सण संपायला तयार नसतो. कुणाचा तरी वाढदिवस म्हणून सोमवारी केक. आई दमून आली म्हणून मंगळवारी पिझ्झा. चाचणीत बरे गुण पडले म्हणून बुधवारी आइस्क्रीम. गुरुवारी काहीच कारण नाही, तरी चिप्सचं पाकीट आहेच. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, हे आपण कटाक्षाने पाळतो आणि त्याच रात्री पनीर रोल मागवतो. मुलाच्या दृष्टीने त्या शुक्रवारी काय बदललं? फक्त रोलमधलं सारण.

पडद्याचंही तेच. पूर्वी सिनेमा हा बेत असायचा. दिवस ठरायचा, सगळे मिळून जायचे, नंतर आठवडाभर त्यावर बोलणं व्हायचं. आता पडदा खिशात आला आहे आणि त्याला मध्यंतर नाही, शेवटही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलं हट्टी झाली, बिघडली, असं म्हणत आपण एकमेकांचं समाधान करतो, ते बंद करू या. त्यांच्या वर्षातून सण आणि उपवास यांतला फरक आपणच पुसून टाकला. हा फरक शिकवणारं वेळापत्रक ख्रिस्ती घराकडे शतकानुशतकं आहे. आगमनकाळात वाट पाहायची, नाताळात जेवायचं. उपवासकाळात आवरायचं, पुनरुत्थानाच्या सणाला मनसोक्त आनंद करायचा. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं. आपण त्यात सुट्ट्या तेवढ्या बघतो.

कलकल घ्या. मैदा, नारळाचं दूध, साखर, तेल. पौष्टिक म्हणावं असं त्यात फारसं नाही. तरी त्याची चिंता कुणी केली नाही, कारण ते डिसेंबरात व्हायचं. काट्याच्या चमच्यावर किंवा नव्या फणीवर एकेक गोळी दाबून वळायची. पोरांनी दुपारभर तेच काम करायचं, आणि तळून झाल्यावर अर्धे डबे शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांत पोचवायचे. त्या खाऊमागे वाट पाहणं होतं, हाताचे कष्ट होते, वाटून खाणं होतं. आज फोनवर बोट टेकवलं की वीस मिनिटांत दाराशी येणाऱ्या डब्यात यातलं काहीच नसतं. मुलाच्या हाती उरते ती नुसती साखर.

आता आकडे बघा. मोकळी साखर, म्हणजे वरून घातलेली आणि मधातली, फळांच्या रसातली, रोजच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास 5 टक्क्यांच्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2,000 कॅलरी खाणाऱ्या प्रौढाला 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. कोलासारख्या गोड पेयाच्या 300 मिलीच्या एका बाटलीत 30 ग्रॅमहून जास्त साखर असते. मोठ्या माणसाची दिवसभराची साखर एका बाटलीत संपते आणि ती बाटली आपण आठ वर्षांच्या मुलाच्या हातात देतो. याच संघटनेने 2019 साली सांगितलं की वर्षाच्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास. समोर मोबाईल धरल्याशिवाय ज्या घरात बाळ घास घेत नाही, त्या घराने हा आकडा स्वयंपाकघरात लिहून ठेवावा.

हे श्रीमंतांचं दुखणं म्हणून सोडूनही देता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते 3.4 टक्क्यांवर गेलं. ज्या देशात कुपोषण अजून हटलेलं नाही, तिथली ही वाढ आहे.

चर्चच्या आवारात काय चालतं, तेही स्पष्ट बोलू या. 2020 सालच्या अन्नसुरक्षा नियमांनी शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला मनाई केली. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी शाळा आणि चर्च एकाच आवारात आहेत. शाळेच्या दिवशी जे तिथे विकता येत नाही, ते सणाच्या रविवारी फनफेअरच्या स्टॉलवर ओळीने मांडलेलं असतं. सहलीला निघालं की प्रत्येकाला वेफर्स आणि गोड पेय. धर्मशिक्षणाच्या वर्गात वचन पाठ म्हणून दाखवलं की चॉकलेट. देवाच्या वचनाची गोडी लागायला वरून साखर लागते, हे मुलाला आपणच शिकवतो. बक्षीस द्यायचंच असेल तर गोष्टींचं पुस्तक द्या, चेंडू द्या, पुढच्या रविवारी मिस्सामध्ये वाचन करायची संधी द्या. त्या संधीसाठी मूल आठवडाभर तयारी करेल, आणि वचन त्याच्या लक्षात राहील.

वसईत ही गोष्ट जास्त बोचते. इथल्या बायकांनी पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुलं मुंबईच्या बाजारात नेऊन घरं उभी केली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही इथली खास चीज. साखर न घालता गोड, टिकाऊ, डब्यात सहज मावणारी. आज ती पाहुण्यांना भेट म्हणून जाते आणि घरच्या मुलाच्या डब्यात क्रीमची बिस्किटं पडतात. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी होती. तिथेही दोन मिनिटांच्या नूडल्सनी जागा घेतली आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला 250 ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला 350 ग्रॅम आणि पुढे 400 ग्रॅम फळं-भाज्या, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2023 सालचं मार्गदर्शन आहे. वाडी ज्यांच्या दाराशी आहे, त्यांना तरी हे अवघड वाटू नये. आणि मासळी आहेच. उठलेल्या ख्रिस्ताने तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवली होती ती निखाऱ्यावरची मासळी आणि भाकर. वसईतल्या पाचूबंदरच्या घरात ती न्याहारी आजही होऊ शकते.

काही घरांनी भीतीचा मार्ग धरला आहे. प्रार्थनासभेत कुणीतरी सांगतं, अमुक कार्टून सैतानी आहे, तमुक गेम शापित आहे. घरी बंदी येते. मूल तेच कार्टून मित्राकडे बघतं आणि आईबाबांपासून लपवायला शिकतं. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने या बाबतीत संदिग्ध काही ठेवलेलं नाही. माणसाला विटाळणारं जे असतं ते त्याच्या अंतःकरणातून येतं. बाहेरून पोटात गेलेल्या अन्नाने तो विटाळत नाही. म्हणून पिझ्झ्याला पाप म्हणू नका. गेमलाही म्हणू नका. ज्या तीन तासांच्या रील्समध्ये सैतान औषधालाही नव्हता, त्या तीन तासांचा हिशेब मात्र मुलाबरोबर बसून करा. मैदान गेलं, झोप गेली, आजीशी बोलणं गेलं. परवानगी आहे एवढ्याने एखादी गोष्ट हिताची ठरत नाही आणि कोणत्याही गोष्टीला आपल्यावर सत्ता गाजवू देऊ नये, असा पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचा आशय आहे. मुलाला हाच प्रश्न विचारा: फोन तू बंद करतोस, की तो बंद पडेपर्यंत तू बसतोस? दहा वर्षांच्या मुलाला याचं उत्तर नीट देता येतं.

कार्लो अकुतिसचं चित्र आता आपल्याकडच्याही चर्चमध्ये दिसतं. 1991 साली जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला, 2006 साली वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला मुलगा. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. त्याला संगणक आवडायचा, व्हिडिओ गेमही आवडायचे. गेमसाठी त्याने स्वतःला आठवड्याला एक तास ठरवून घेतला होता, असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं. उरलेल्या वेळात त्याने पवित्र मिस्साशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून संकेतस्थळ उभं केलं. मुलांना त्याची गोष्ट सांगताना आपण चमत्कारांवर येऊन थांबतो. त्याने तो तास स्वतः ठरवला, ही गोष्ट आधी सांगा.

मोठ्यांची पाळी आता. रोझरी चालू असताना ज्या बाबांचा अंगठा मांडीवरच्या फोनवर फिरतो, त्यांनी मुलाच्या हातातून फोन काढून घेऊ नये. हातात ग्लास धरून मुलाला कोल्ड्रिंकचे तोटे सांगू नयेत. बाप्तिस्म्याच्या पार्टीत मध्यरात्रीपर्यंत डीजे लावणाऱ्यांनी मुलांच्या गाण्यांच्या आवडीबद्दल तक्रार करू नये. आणि पाहुण्यांसमोर मुलीला जाडी म्हणणं आजपासून बंद. लेकरांच्या मनात संताप साठेल असं वागणाऱ्या बापांना पौलाने इफिसकरांच्या पत्रात बजावलं आहे. टोमण्याने कुणाचं वजन उतरत नाही. मूल लपून खायला लागतं.

मुलांच्या उपवासाबद्दल चर्चच्या कायद्यातच एक नेमकी तरतूद आहे, ती फार थोड्या पालकांना माहीत असते. 1983 सालच्या कॅनन लॉमधलं कलम 1252. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि उपवासाचा अठरा पूर्ण झाल्यावर. म्हणजे वाढत्या मुलांना उपाशी ठेवा, असं चर्च कुठेही म्हणत नाही. पण ज्यांना वयामुळे नियम लागू नाही, त्यांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ कळेल असं पाहण्याची जबाबदारी त्याच कलमाने दोघांवर टाकली आहे: धर्मगुरूंवर आणि पालकांवर. धर्मशिक्षणाच्या वर्गात पोर सोडून आलं की ही जबाबदारी संपत नाही.

आणि नुसतं काढून घेऊन भागणार नाही. रिकामी संध्याकाळ मुलाला पुन्हा पडद्याकडेच ढकलते. मराठी ख्रिस्ती समाजाला मुलांसाठी काही घडवता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मुलांसाठी कविता लिहिल्या आणि भजन-कीर्तन चर्चमध्ये रुजवायला हातभार लावला. वसईच्या गावागावांत नाताळचे गोठे उभारणारी, नाटकं बसवणारी, बँडमध्ये वाजवणारी माणसं आजही आहेत. ही माणसं डिसेंबरातच का दिसावीत? चर्चचं सभागृह महिन्यातून एका संध्याकाळी मुलांच्या नाटकाला द्या. मैदानाला कुलूप असेल तर ते काढा. घरात जेवणानंतर एक गाणं, एक गोष्ट, पत्त्यांचा एक डाव. मनोरंजन हवंच, ते एकमेकांसोबत हवं.

सुरुवात कशी करायची, ते दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. राजाचं पक्वान्न नको म्हणणारा हा परदेशात नेलेला तरुण आरडाओरडा करत नाही. तो कारभाऱ्याला अदबीने विनंती करतो: दहा दिवस आम्हाला साधी शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, मग ठरवा. निर्णय त्याचा स्वतःचा, मुदत ठरलेली, आणि निकाल सगळ्यांसमोर. मुलांशी बोलणी करायची ती याच रीतीने. जन्मभराची बंदी कुणी पाळत नाही. दहा दिवस पाळता येतात, आणि दहा जमले की पुढचे दहा मागता येतात.

उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याच्या आदल्या रात्री सगळे जेवायला एकत्र बसा. या उपवासकाळात आपण काय सोडणार, ते मुलाला स्वतः ठरवू द्या. एखादा पदार्थ असेल, एखादा कार्यक्रम असेल. जेवणाची वेळ चुकवायची नाही, एवढीच अट घाला. त्यातून वाचलेले पैसे एका डब्यात जमवा आणि शेवटी गरजू घरापर्यंत मुलाच्याच हातून पोचवा; भुकेल्याला आपल्यातली भाकर द्यावी हाच खरा उपवास, असं यशया सांगतो. मग मुलाला दुसरा प्रश्न विचारा: आईने काय सोडावं आणि बाबांनी काय सोडावं? बऱ्याच घरांत मुलं आईबाबांच्या फोनचं नाव घेतील. त्यावर चिडू नका, ऑफिसचं काम पुढे करू नका, सवलतही मागू नका. जेवणाच्या टेबलावरून तो उचला आणि ईस्टरपर्यंत तिथे परत आणू नका.