डिस्कचा सातबारा

नव्या एसएसडीवर विंडोज चढत नसेल तर दोष बहुधा ड्राइव्हचा नसतो, ती बसवणाऱ्याच्या शहाणपणाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. या विषयात माझा अधिकारही मोठा, कारण तो शहाणपणा माझ्याकडे मुबलक आहे. पुरावाच पाहा ना. खोक्यातून काढलेली कोरी ड्राइव्ह तशीच लावली आणि इन्स्टॉलरला ‘घे बाबा, ही मोकळी जागा’ म्हटलं, तर तो हवे ते हिस्से स्वतः पाडून कामाला लागतो. पण आमच्या पठडीतल्या माणसाला कोरी वस्तू तशीच पुढे करवत नाही. तो ती आधी जुन्या कॉम्प्युटरला लावणार, ‘फॉरमॅट मारून’ ठेवणार आणि त्या भरात तिच्यावर एमबीआर पद्धतीचा तक्ता लिहून बसणार. मग इन्स्टॉलर स्वच्छ शब्दांत सांगतो की या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, मला जीपीटी लागतो, म्हणून इथे विंडोज बसणार नाही. आम्ही त्यातलं ‘बसणार नाही’ एवढंच वाचतो आणि दुकानदाराला फोन लावतो.

हा तक्ता समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे पुरतात. तो डिस्कचा सातबारा आहे. जमीन वेगळी आणि जमिनीचा उतारा वेगळा, हे ज्याला कळलं त्याला निम्मा कॉम्प्युटर कळला. एमबीआर हा १९८३ सालचा, पीसी डॉस २.० बरोबर आलेला उतारा. त्यात मुख्य हिस्से चारच. पाचवा भाऊ निघाला तर चौघांपैकी एकाच्या वाट्यात पोटहिस्से पाडायचे. त्याची मोजणीही साधारण २.२ टेराबाइटपाशी संपते, पुढची जमीन असून नसल्यासारखी. जीपीटीत विंडोज १२८ हिस्से मानतं आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या पार शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. ही दूरदृष्टी आमच्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूमने दाखवली असती तर कित्येक वकील उपाशी राहिले असते. मोजणीचा वाद इथेही आहेच. १ टेराबाइटची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, तेव्हा बांध कोणी कोरलेला नसतो. कंपनी हजाराच्या साखळीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच. आणि तुकडेबंदी! आपल्याकडे १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्याविरुद्ध आणि एकत्रीकरणासाठी कायदा झाला, कारण तीन शिवारांत तीन तुकडे असलेल्या शेतकऱ्याचा दिवस चालण्यातच जातो. फिरत्या हार्ड डिस्कचं दुखणं नेमकं तेच होतं. वाचणारा काटा या तुकड्यावरून त्या तुकड्यावर धावायचा, म्हणून डीफ्रॅग नावाची एकत्रीकरण योजना रात्रभर चालायची. एसएसडीत काटाच नाही, सगळे तुकडे जणू अंगणातच. तिथे एकत्रीकरणाने हाती काही लागत नाही, उलट पुन्हा पुन्हा लिहिण्याने पेशी झिजतात. तरीही ती रंगीत चौकटींची रांगोळी हलताना पाहायला मिळत नाही म्हणून हळहळणारे लोक आहेत, आणि त्यांत मी पहिला.

सातबारा कोरा करण्याचं आश्वासन तर निवडणुकीगणिक मिळतं. ते अर्ज न घेता, निकष न लावता, दोन सेकंदांत पाळणारी यंत्रणा एकच, डिस्कपार्ट. शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडायची, डिस्क निवडायची आणि ‘क्लीन’ लिहायचं. ‘नक्की ना?’ असंसुद्धा ती विचारत नाही. तिथे डिस्कची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे पहिली म्हणजे १ असं गृहीत धरणारा आत्मविश्वासू माणूस भलत्याच गटावर नांगर फिरवतो. शेजारी प्रत्येक डिस्कचा आकार लिहिलेला असतो, पण आकडे वाचणं हे नवशिक्यांचं काम.

त्याहून नामी प्रकार म्हणजे जुनी डिस्क न काढता नवीवर विंडोज चढवणं. सगळं सुरळीत होतं, म्हणूनच घात होतो. कॉम्प्युटर सुरू करणारा जेमतेम शंभर एमबीचा हिस्सा जुन्या डिस्कवर आधीच असतो, इन्स्टॉलर तोच वापरतो. म्हणजे घर नव्या गटात आणि वहिवाटीचा रस्ता जुन्या गटातून. पुढे महिन्याभराने कोणी जुनी डिस्क उपटली की रस्ता बंद, आणि नव्या कोऱ्या बंगल्यात कोणालाच शिरता येत नाही.

कोणी म्हणेल, कधी कधी ड्राइव्ह दिसतच नाही, त्याला कसला शहाणपणा कारण? मान्य. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा मध्यस्थ असतो, त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला नाही तर इन्स्टॉलरला ड्राइव्हची यादी रिकामी दिसते. काही मदरबोर्डांवर एम.२ च्या खाचेत सारख्याच दिसणाऱ्या दोन ड्राइव्हपैकी साटावालीच चालते, एनव्हीएमई नाही. पण हे माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, आणि पुस्तिका खोक्याच्या तळाशी प्लास्टिकमध्ये अखंड कुमारिका असते. कोणी असंही म्हणेल की जीपीटी करूनही नकार येतो. येतो, कारण बूटच्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा साधा आणि एकदा यूईएफआय ही उपाधी लावून. साध्या दाराने आत गेलात तर तोच इन्स्टॉलर जीपीटीला नको म्हणतो. डिस्क तीच, चूक दाराची.

एका ठिकाणी मात्र माझा सिद्धान्त लंगडा पडतो, आणि तिथे हसू येत नाही. जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी घातली की तो तरतरीत होतो, त्याचा प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड सगळं शाबूत असतं. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, सेक्युअर बूट हवं, प्रोसेसर मंजूर यादीतला हवा. इंटेलचा असेल तर बहुधा २०१७ च्या आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षिततेचं कारण खोटं नाही, हेही मला कळतं. तरी धडधाकट माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ देताना कोणी त्याचं काम तपासत नाही, जन्मतारीख तपासतात, तसंच हे. इथे बसवणाऱ्याने काहीच चूक केलेली नसते. त्याने फक्त जुन्यावर जीव लावलेला असतो.

आणि जिथे सगळं जमतं तिथे तरी काय? हार्ड डिस्कच्या काळात कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा उकळायचा, घरातली चार माणसं भोवती जमायची, आणि पडदा उजळला की श्रेय घेता यायचं. एसएसडीवर पडदा इतक्या लवकर उजळतो की ‘अगं, जरा बघ तरी’ म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. मग तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.