मित्राचा प्रॉब्लेम

पुरुष माणूस मेडिकलमध्ये येतो, डोकेदुखीच्या गोळ्या घेतो, पैसे देतो आणि तरी जात नाही. बेबी पावडरची जाहिरात वाचत उभा राहतो. शेवटच्या ताई पायरी उतरल्या की काउंटरवर वाकून म्हणतो, "एका मित्राला प्रॉब्लेम आहे."

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे आणि या मित्राइतका आजारी माणूस मी अख्ख्या तालुक्यात पाहिलेला नाही. खाजेपासून सुरुवात करून त्याचं सगळं होऊन गेलंय. हल्ली त्याला 'तिथून' रक्त येतं.

तिथून म्हणजे कुठून? लघवीतून, वीर्यातून, की नुसतं वरच्या कातडीतून? एवढा तपशील मित्राने दिलेला नसतो. सब्जा मात्र त्याने सुरू केलेला असतो. कमरेखालचं जे काही बिघडतं ते उष्णतेने, यावर आमच्याकडे सर्व पक्षांचं एकमत आहे. मग सब्जा, धण्याचं पाणी, वाळा, कोकम सरबत. चार दिवसांत रक्त थांबतं आणि घोटाळा इथेच होतो. मूत्राशयातल्या गाठीचं रक्त बरेचदा असंच वागतं. एकदा दिसतं, दुखत नाही, आपलं आपण थांबतं, महिना दोन महिने बेपत्ता होतं. श्रेय सब्जाला जातं आणि गाठ निवांत वाढते. जरा दुखलं असतं तर याने आळी गोळा केली असती.

कधी ते रक्त नसतंच म्हणा. आदल्या रात्री बीटाची कोशिंबीर झालेली असते, किंवा क्षयाच्या औषधातलं रिफाम्पिसिन लघवी केशरी-लाल करतं. पण हा निकाल लघवीच्या तपासणीने लावायचा, मेव्हण्याने नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरही खापर फोडून मोकळं होता येत नाही. गोळी चालू असली तरी तपासणी करावीच लागते, आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.

उष्णतेच्या भक्तांना मी गिमवीची गोष्ट सांगतो. गुहागर तालुक्यातलं हे गाव वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. 1952 साली तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जाण्याचं कारण म्हणून शिस्टोसोमा जातीच्या कृमीची नोंद झाली. मूळ आफ्रिकेकडचा समजला जाणारा हा प्राणी गोगलगायीतून पाण्यात येतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. म्हणजे थंडगार वहाळात डुंबून दुखणं घ्यायचं आणि वर धण्याचं पाणी प्यायचं!

मधुमेहवाल्यांची तऱ्हा वेगळी. साखर चढली की बुरशीचा संसर्ग होतो, पुढच्या कातडीला चिरा पडतात, ती मागे सरत नाही, रक्त येतं. मित्र ट्यूब मागतो, मी साखर तपासायला सांगतो, मित्राला राग येतो. न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर ट्यूबचं नावच काढू नये, ती डॉक्टरला दाखवावी. जळजळ, पू आणि रक्त असेल तर औषध जोडीदारालाही लागू शकतं. एवढं ऐकल्यावर मित्राला एकदम फोन येतो.

नवीन लग्न झालेली पोरं वीर्यात रक्त दिसलं की आपला वंश खुंटला असं धरूनच येतात. चाळिशीच्या आत आणि एखाद्याच वेळी असेल, दुसरा काही त्रास नसेल, तर ते बहुधा आपोआप जातं. चाळिशी उलटली असेल किंवा पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तदाब, प्रोस्टेट सगळं बघून घ्यावं. आणि रक्ताच्या गुठळ्यांनी लघवी तुंबली, माडावरून घसरताना तिथे मार बसून रक्त आलं, किंवा ऐन वेळी 'कट्' आवाज होऊन सूज आली, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. माझं शटर वाजवायचं नाही.

आमचे एक मास्तर, निवृत्त, चाळीस वर्षांचे विडीबहाद्दर. त्यांच्या मित्राची लघवी पावसाळ्यात एकदाच लाल झाली. विडी म्हटल्यावर मी चिठ्ठीवर युरॉलॉजिस्टचं नाव लिहूनच दिलं, कारण तंबाखूच्या धुराचा हिशेब मूत्राशयातही चुकता होतो. मास्तर गेले आणि तिथेही म्हणाले, "मित्राला त्रास आहे." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बरं, मग मित्राला टेबलावर झोपायला सांगा."

सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली. छोटी गाठ निघाली, ती दुर्बिणीतूनच खरवडून काढली. वेळेत सापडली. आता तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. मास्तरांनी विडी सोडली, लाज सोडलेली नाही. औषधं न्यायला ते येतात खरे, पण रस्त्यापलीकडे स्कूटरवर पाठमोरे बसून राहतात. वहिनी गर्दीतून पुढे येतात, चिठ्ठी काउंटरवर आपटतात आणि एसटी स्टँडपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणतात, "आमच्या ह्यांच्या लघवीच्या पिशवीचं औषध द्या हो! कुठले ते काय विचारता? ते काय, स्कूटरवर बसलेत ते!"