आधी कार्ड, मग कंठ

घरी गाणं रेकॉर्ड करायचं मनात आलं की काही उतावळी माणसं सरळ गायलाच बसतात. मोबाइल पुढ्यात ठेवतात, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावतात आणि अर्ध्या तासात यमन उरकून मोकळी होतात. अशांच्या हातून गाणी होतात, पण साउंड कार्डाचा अभ्यास राहतो तो राहूनच जातो. विचारी माणूस आधी कार्ड निवडायला घेतो. त्याचं गाणं अजून कुणी ऐकलेलं नाही, यावरूनच त्याच्या अभ्यासाची खोली कळते.

सुरुवात कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकाची निंदा करून करावी. निंदा रास्तच आहे. मदरबोर्डवरच्या साउंड चिपच्या शेजारी प्रोसेसरची आणि वीजपुरवठ्याची धुसफूस अखंड चाललेली असते, ती आवाजात उतरते. शिवाय ते भोक हेडसेटच्या चिमुकल्या माइकसाठी केलेलं. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट त्याने आणायचे कुठून? मात्र इथेच एक धोका आहे. यूएसबीने जोडायची, एक माइक आणि एक वाद्य घेणारी साधी डबी आणली, तर या दोन्ही तक्रारी त्याच संध्याकाळी मिटतात. मग गायलाच बसावं लागतं. तेव्हा त्या डबीकडे वळूनही पाहू नये. (जाणकारांत तिला ऑडिओ इंटरफेस म्हणायचं. ‘साउंड कार्ड’ म्हणणाऱ्याला ते चहा विचारतात, मत विचारत नाहीत.)

आता आकडे. सीडी १९८२ साली बाजारात आली, तिने १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ एवढ्यावर भागवलं. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. २४ बिटांत कागदावर १४४ मिळतो, प्रत्यक्षात उत्तम म्हणवणारी कार्डंही १२०च्या आसपास दमतात. २४ बिटांचा खरा फायदा असा की रेकॉर्डिंगची पातळी जरा खाली ठेवली तरी बिघडत नाही आणि कुणी अचानक तार षड्जावर उसळलं तरी आवाज फाटत नाही. पण फायद्याच्या गोष्टीवर फार रेंगाळू नये. नजर १९२ किलोहर्ट्झवर हवी. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही ऐन तारुण्यात. सेकंदाला जितके नमुने घ्यावेत त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पकडता येतात, या हिशेबाने १९२ वर थेट ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा मुलूख आपला. समोरच्या वडावरच्या वटवाघळांनी आपला भूप ऐकावा अशी इच्छा असेल, तर याहून कमीवर तडजोड करणं बरं नव्हे. माइक बहुधा विशीतच हात टेकतो, तेव्हा त्यापुढे नेमकं काय नोंदलं गेलं हे त्याला विचारू नये. या थाटात तासाभराची स्टिरिओ फाइल चार जीबीच्या पुढे जाते, आणि साध्या वॅव्ह फाइलची मर्यादाही जवळपास तेवढीच असते. बासष्टाव्या मिनिटाला ती संपते. विलंबित जरा रंगला की द्रुत बाहेरच राहतं, आणि ज्यांना लयीचं वावडं आहे त्यांना ही सोयच आहे.

इनपुट किती असावेत? गाणारा एक, माइक एक, म्हणजे अठरा. जिने चढून वाद्यवृंद कधी वर येईल, सांगता येत नाही.

लेटन्सीवर मात्र आयुष्य काढता येतं. गायलेला सूर कॉम्प्युटरमध्ये जाऊन हेडफोनमधून परत यायला लागणारा हा वेळ. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर, म्हणजे तात्पुरता साठा, ठेवला की जाताना पाच आणि येताना पाच, असे दहा-बारा मिलिसेकंद जातात. मिलिसेकंदात आवाज हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दीड-दोन मीटरवर बसलेल्या तबलजीची सम गवयापर्यंत पाचएक मिलिसेकंद उशिरा पोहोचते, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललेलं आहे. कुणाकडे मोजायला काही नव्हतं म्हणून खपलं. विंडोजवर हा उशीर आटोक्यात ठेवायला स्टाइनबर्ग कंपनीचं एएसआयओ नावाचं ड्रायव्हर-तंत्र १९९७ पासून आहे. शिवाय बहुतेक कार्डांवर एक बटण असतं, त्याने माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनला येतो आणि प्रश्न तिथेच संपतो. त्या बटणाला हात लावू नये. संपलेल्या प्रश्नावर चर्चा करता येत नाही.

इतक्या साधनेनंतर आणलेलं कार्ड घरी लावलं की पहिलं काय ऐकू येतं? घुंऽऽ. आपली वीज ५० हर्ट्झची. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा आहे पण चार्जरलाच दोन पिना, म्हणून ही घुंघुं केबलमधून आत शिरते. सामान्य माणूस वायरमनला बोलावतो. रसिकाने आधी स्वर ओळखावा. ५० हर्ट्झ म्हणजे अतिमंद्रातली पांढरी पाच, किंचित चढी. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला इमारतीचं वायरिंग फुकटात पंचम धरून देतं. मालकंस गाणाऱ्यांची तेवढी पंचाईत. त्यांनी पट्टी बदलावी किंवा बिल्डर.

खोलीचंही तसंच. १२० डेसिबलचं कार्ड आपल्या आवाजाबरोबर पंख्याच्या बेअरिंगची कुरकुर, खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याची आरोळी तितक्याच निष्ठेने टिपतं. जुन्या गोधड्या दोरीवर टाकून त्यांच्यासमोर गायलं तर खोलीचा घुमारा बराच बसतो, असं म्हणतात आणि ते खरंही आहे. पण गोधडीला ना ड्रायव्हर, ना फर्मवेअर. तिच्यावर दोन माणसं तासभर वाद कसा घालणार?

ज्यांना हे मार्गदर्शन लाभलं नाही, त्यांची इतिहासात दैना झाली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला, तेव्हा गायिका गौहरजान त्याच्या भोंग्यासमोर उभ्या राहिल्या. माइक नाही, वीज नाही, एकसुद्धा इनपुट नाही. सुमारे तीन मिनिटांत राग आटपायचा, आणि शेवटी तबकडी कुणाची हे कळावं म्हणून इंग्रजीत आपलं नावही सांगायचं. त्या तबकड्या लोक आजही ऐकतात, कशासाठी ते ध्यानात येत नाही. अमेरिकेत गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने तर १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर दोन साध्या माइकनी गाणी भरली, बँडला नमुना म्हणून. बँडसह नीट रेकॉर्ड करून पाहिलं ते जमेना, तेव्हा त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ ही रेकॉर्ड काढली. यंत्राचे नीट तुलनात्मक तक्ते केले असते तर हा प्रसंग टळला असता.

सुदैवाने आता कंपन्या आपल्या बाजूला आहेत. दर काही वर्षांनी कार्डाची नवी पिढी येते आणि जवळजवळ झालेला निर्णय पुन्हा मोकळा होतो. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट कार्डांची चौथी पिढी २०२३ साली आली. तिच्यातल्या काही कार्डांत माइकची पातळी आपोआप ठरवण्याची सोय आहे, आणि त्यासाठी ती म्हणतात, बटण दाबा आणि दहा सेकंद गा.

गा! खोक्यातून काढल्या काढल्या, ओळखदेख नसताना. इतक्या वर्षांच्या अभ्यासकाशी बोलायची ही पद्धत झाली? पाचव्या पिढीत ही अट काढून टाकतील अशी आशा आहे. तोवर थांबलेलं बरं.