मधल्या रंगाचं काय?

लग्नपत्रिका करायला आलेला माणूस रंग दोनच सांगतो. "इकडून हळदी पिवळा घ्या, तिकडून निळा, आणि मध्ये छान मिक्स होऊ द्या." कोरल ड्रॉमध्ये याचं नाव फाउंटन फिल, फोटोशॉपमध्ये ग्रेडियंट, आणि दुकानात नुसतं 'शेड मार'. टोकं गिऱ्हाइकाने ठरवायची, मधलं कॉम्प्युटरने बघून घ्यायचं, अशी ही वाटणी. लग्नाच्या बैठकीतले बरेच प्रश्नही असेच सुटतात, पण ते असो.

पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेलं पोरही सांगेल. कॉम्प्युटर त्या परीक्षेला बसलेला नसतो. त्याच्या लेखी प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन इवलेसे दिवे, आणि प्रत्येकाचा एक आकडा, ० ते २५५ मधला. पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. निळा म्हणजे ०, ०, २५५. या दोघांच्या बरोबर मध्ये काय? तिन्ही खात्यांवर निम्मे निम्मे: १२८, १२८, १२८. म्हणजे निव्वळ राखाडी. हिशेबात खोट काढायला जागाच नाही. फक्त पत्रिकेच्या ऐन मध्यावर, जिथे चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं यायची, तिथे राख पसरते, आणि प्रूफ बघणाऱ्या मामांचा चेहराही त्याच शेडमध्ये जातो.

लाल आणि हिरव्याची गत तर याहून वाईट. त्यांच्या मध्ये शेवाळलेला चिखल लागतो. कारण हे आकडे म्हणजे उजेड नव्हे. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडलेली एसआरजीबी नावाची पद्धत आजही बहुतेक पडदे पाळतात. तिच्यात १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा दिसला, तरी पडद्यातून बाहेर पडणारा उजेड जेमतेम २२ टक्के असतो. सरासरी आकड्यांची निघते आणि अंधार उजेडाच्या वाट्याला येतो.

यावर उपाय निघालेत. ब्यॉर्न ओटोसन या माणसाने २०२० च्या डिसेंबरात 'ओकेलॅब' नावाची रंगांची मांडणी जाहीर केली. तिच्यात दोन रंगांमधलं अंतर दिव्यांच्या आकड्यांवरून न मोजता डोळ्याला ते किती वाटतं यावरून मोजतात. फोटोशॉपच्या ग्रेडियंटमध्येही आता 'परसेप्च्युअल' असा पर्याय असतो. शेड त्याने खरोखर सुधारते, मधला काळवंडलेला खड्डा भरून निघतो. पण पिवळ्या-निळ्याच्या मध्ये हिरवा काही तिथेही उगवत नाही, फार तर फिकट निळसर राखी. मुरलेला डीटीपीवाला यातलं एकही नाव न घेता मध्यावर तिसरा थांबा टाकतो, त्याला हिरवा रंग देतो आणि चहा सांगतो. मला हा उपाय सर्वात पटतो.

दुसरं दुखणं उलट बाजूचं. तिथे रंग भांडत नाहीत, फारच जवळचे असतात. फिक्या आकाशीपासून जरासा गडद आकाशी, एवढाच प्रवास. तीन दिव्यांचे मिळून १,६७,७७,२१६ रंग हाताशी असतात खरे, पण या प्रवासात त्यांतले जेमतेम तीसेक येतात. ते १९२० पिक्सेलच्या रुंदीवर पसरायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ६४ पिक्सेलची पट्टी. आकाशाला चक्क पायऱ्या पडतात. त्यात आपले डोळे चहाडखोर. शेजारच्या दोन पट्ट्यांमधला फरक असेल त्यापेक्षा वाढवून सांगायची त्यांची खोड अर्न्स्ट माख याने १८६५ मध्येच नोंदवून ठेवली आहे.

गंमत अशी की ही शेड गुळगुळीत करायची तर ती आधी खरबरीत करावी लागते. एमआयटीतल्या लॉरेन्स रॉबर्ट्सने १९६१ च्या सुमारास हे करून दाखवलं. चित्रात थोडा मुद्दाम केलेला गोंधळ मिसळायचा, म्हणजे पट्टीची कड फुटते, दोन्हीकडचे ठिपके एकमेकांच्या हद्दीत शिरतात आणि डोळा हार मानतो. (हाच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत आघाडीवर होता. गोंधळाची सवय तिथेही कामी आली असावी.) फोटोशॉपमध्ये याचं 'डिदर' नावाचं चौकोनी खूण करायचं घर असतं. रांगोळी काढणारी बाई तेच चिमटीने करते: गुलाबी संपतो तिथे पांढऱ्यात चार कण गुलाबी, मग दोन, मग एखादाच. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, तिथल्या शिळाछापातही रंगागणिक वेगळा दगड आणि त्यावर बारीक ठिपके. घरातल्या जुन्या लक्ष्मीच्या गालाला भिंग लावून बघा, गुळगुळीत असं तिथे काहीच नाही.

एवढं करून तयार झालेलं आकाश मग जेपेग होऊन मोबाइलवर निघतं. फाइल आटवताना जेपेग पहिली कात्री लावतं ती बारीकसारीक तपशिलाला, म्हणजे नेमकी त्या ठिपक्यांना. पायऱ्या परत हजर. म्हणून डीटीपीवाला बजावतो, "फोटो नका पाठवू, डॉक्युमेंट करून पाठवा." नवऱ्या मुलाचे काका मान डोलावतात आणि फोटोच पाठवतात. आतेभाऊ त्याचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो. खाली धडाधड हात जोडलेले येतात. आकाशाच्या पायऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फक्त एक मावशी विचारते, "हॉलला पार्किंग आहे ना?"