वाऱ्याच्या खोतीविरुद्ध : एक खुले पत्र

प्रति,
मा. खारे वारे आणि मा. मतलई वारे,
मुक्काम धरमतरची खाडी, तालुके पेण व अलिबाग, जिल्हा रायगड.

विषय : डोलवी परिसरातील सायकलस्वारांकडून, वाटेत चढ नसतानाही, होणाऱ्या चढाच्या वसुलीबाबत.

महोदय,

नकाशा पाहणाऱ्याचा असा समज होतो की पेण, वडखळ, डोलवी, पोयनाड या टापूत सायकल चालवण्याइतके सोपे काम दुसरे नसावे. कारण अंबा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारेपाट, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली भातजमीन, इतका सखल आहे की उधाणात बांध फुटला की खाडी थेट शेतात शिरते. डोंगर पूर्वेला दिसतात खरे, परंतु कर्नाळ्याची खिंड पनवेलच्या वाटेवर, सुकेळीची नागोठण्यापलीकडे आणि कार्ल्याची अलिबागच्या अलीकडे असल्याने पोयनाडहून डोलवीच्या पोलाद कारखान्यात कामावर येणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यांपैकी एकही येत नाही. त्याने चढ म्हणावा तो धरमतरच्या पुलाचाच. असे असूनही हा माणूस घरी पोचतो तेव्हा घाट चढून आल्यासारखा धापा टाकत असतो, आणि त्याची कारणे शोधू गेल्यास बोट महोदयांकडेच दाखवावे लागते.

आरोप मोघम राहू नये म्हणून ठोकळ हिशेब सोबत मांडला आहे. स्वार, त्याचा डबा आणि काळी बिनगिअरची सायकल यांचे वजन मिळून ८५ किलो धरले, तर वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेग राखण्यास सुमारे ५० वॅट शक्ती लागते. वॅट हे दर सेकंदाला होणाऱ्या कामाचे एकक आहे. तोच वेग ताशी १५ किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात राखायचा झाल्यास ही गरज १२५ वॅटच्या पुढे जाते. कारण हवेचा रोध तिच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हवा दुप्पट वेगाने अंगावर आली की रोध चौपट होतो. उताण्या हँडलची सायकल, ताठ बसणे आणि फडफडणारा शर्ट यांनी या रोधाला छातीभर जागा मिळते, हे वेगळेच. एवढा वाढीव भार म्हणजे शंभर मीटरला दोन मीटरहून किंचित अधिक असा चढ होय. आठ किलोमीटर अंतरात तो पावणेदोनशे मीटर उंची गाठतो, आणि शेवटी माथा नाही, देऊळ नाही, वळून पाहावे असा देखावाही नाही.

डोंगर घेतो त्यातले बरेच उतारावर परत करतो, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. महोदयांचे कैवारी हाच न्याय पुढे करून म्हणतील की जाताना समोर असलेला वारा येताना पाठीशी असतोच. हा युक्तिवाद हिशेबाला टिकत नाही. वरील स्वाराने दोन्ही वेळा ५० वॅटच खर्च केले, तर वाऱ्यासमोर त्याचा वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आत येतो आणि वाऱ्यासोबत तेवीसच्या आसपास जातो. त्यामुळे आठ किलोमीटरच्या जाण्यायेण्याला निवांत हवेत जी ६४ मिनिटे लागतात, ती ७५ होतात. त्रास पाऊण तासाहून अधिक आणि मेहेरबानी जेमतेम २० मिनिटे, असा हा सौदा आहे.

पण खारेपाटात तेवढाही सौदा पदरी पडत नाही, आणि तक्रारीचा गाभा इथेच आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत ओढली जाते, हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि हवा उलट समुद्राकडे वाहते, हे मतलई वारे. पहिल्या पाळीसाठी पहाटे पोयनाडहून पूर्वेकडे निघालेल्या कामगाराला मतलई समोरून भेटतात आणि दुपारी पाळी सुटून तो पश्चिमेकडे वळतो, तोवर खारे भरात आलेले असतात. त्याच पाळीचा, त्याच पगाराचा पेणचा कामगार मात्र सकाळी मतलईच्या आणि दुपारी खाऱ्याच्या पाठबळावर येतो-जातो. पत्ता पाहून मेहनत ठरवण्याचा हा कारभार कोणत्या नियमात बसतो, याचा खुलासा अपेक्षित आहे. (दुसऱ्या पाळीत हे सारे उलटते, ही गोष्ट पेणकर मोठ्याने सांगतात आणि पोयनाडकर ऐकून न ऐकल्यासारखे करतात.)

पावसाळ्यात मतलई रजेवर जातात आणि नैर्ऋत्य मोसमी वारा दिवसरात्र पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे पोयनाडकरास निदान सकाळ तरी सुखाची लाभते. तेव्हा अंगावरचा रेनकोट शिडासारखा फुगत असल्याने परतीची वसुली अधिक कडक होते, हा भाग अलाहिदा.

महोदयांना स्मरत असेल की याच खारेपाटात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा संप केला, तो पिकाचा मोठा वाटा घेऊन जाणाऱ्या खोताविरुद्ध होता, आणि पुढे १९४९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील खोती गेली. जाताना एक वाटा आणि येताना दुसरा घेणारी महोदयांची खोती त्या कायद्याच्या व्याख्येत बसली नाही, हा कायदेमंडळाचा दृष्टिदोष मानावा लागेल. कुळांना जमीन पडीक टाकता आली. सायकलस्वारास हजेरी लावावी लागते.

परदेशात वाऱ्याचा निदान मान राखला जातो. नेदरलँड्सच्या झीलँड प्रांतात समुद्राच्या उधाणाला अडवणाऱ्या बंधाऱ्यावर २०१३ पासून समोरच्या वाऱ्यात साध्या, बिनगिअरच्या सायकली हाकण्याची ८.५ किलोमीटरची राष्ट्रीय स्पर्धा भरते, आणि वादळी वारा सुटल्याखेरीज ती घेतच नाहीत. धरमतरच्या पुलावर हीच स्पर्धा पदकाविना रोज होते, शिवाय शेजारून पोलादाची गुंडाळी घेऊन जाणारा ट्रेलर क्षणभर वारा अडवतो आणि पुढे सरकताच तो एकदम आडवा अंगावर सोडतो, ही कसोटी डच स्पर्धकांना ठाऊक नसावी. चढावर उपाय निघाले आहेत. नॉर्वेतील ट्रॉनहाइममध्ये १९९३ मध्येच सायकलस्वाराला टेकडीवर ढकलणारे यंत्र बसवले गेले. वाऱ्यासमोर ढकलणारे यंत्र म्हणजे बॅटरीची सायकल, आणि तिची किंमत ऐकून कामगार मोटारसायकलीचा हप्ता विचारू लागतो.

सबब विनंती अशी की पाळ्या बदलतात त्याप्रमाणे महोदयांनीही आठवड्याआड दिशा बदलावी; ते निसर्गनियमांत बसत नसल्यास घाटापूर्वी लावतात तसा ‘पुढे वारा आहे’ असा फलक रस्त्यावर लावण्यास हरकत घेऊ नये. अर्थात ज्या मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये हाती घेऊन तपाहून अधिक काळ रेंगाळले, त्याच्या यंत्रणेकडून फलक येईपर्यंत आजचे स्वार निवृत्त झालेले असतील, याची अर्जदारांना कल्पना आहे. तोवर कडेला झाडे लावून वारा अडवावा, तर खाऱ्या मातीत खारफुटीखेरीज फारसे काही धरत नाही आणि खारफुटी रस्त्यावर येत नाही.

कळावे,
खारेपाटातील समस्त सायकलस्वारांकरिता

प्रत माहितीस्तव : कर्नाळा, सुकेळी व कार्ले येथील खिंडी. त्यांच्याविरुद्ध तक्रार नसल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही.